हसतमुखाचे दहा गुण

धान्याच्या गोदामात भरणाऱ्या वर्गातील एकवीस मुलामुलींपैकी सहा जणांचे डोके दुखे, आणि ते सहाही नापास झाले. पास झालेल्या पंधरा जणांपैकी एकानेही डोके दुखल्याचे कधी सांगितले नव्हते.

वर्ग परदेशातल्या शेतांवर कामाला जाणाऱ्यांसाठी होता. वेळ पाळणे, परक्या देशाच्या माणसांशी नीट बोलणे, जगात कुठेही गेले तरी आपले काम आणि आपला हक्क ओळखणे, असे बरेच काही तिथे शिकवीत. दोन हंगाम जमिनीने काही दिले नव्हते. मातीला बोटभर भेगा होत्या. माझी भाची वर्गात पहिली आली होती. तिला जायला आठ दिवस उरले होते.

त्या सकाळी बहिणीच्या अंगणात लोहारीण भांडायला आली.

"माझ्या पोराचं डोकं दुखलं, म्हणून नापास केलं का गं त्याला?"

"अगं, नापास होणार म्हणून दुखलं. माझी बघ, एक दिवस हूं की चूं नाही!"

"तुझी काय, दगडाची घडवलीय!"

भाची बियाणे निवडत बसली होती. तिच्या बोटांतून दाणे निसटत होते.

"सकाळी ओकली," बहीण हळूच मला म्हणाली. "जायच्या धास्तीनं असेल."

"डोकं दुखतं का गं?"

माझा प्रश्न संपण्याआधी ती हसली. "छे हो मामा, एकदम ठीक!"

माती तपासण्याच्या कामात मी एक शिकलो आहे : सगळे नमुने एकसारखे चांगले निघाले, तर आधी तपासणी तपासावी. पास झालेल्यांचा वर्ग निघायच्या दिवसापर्यंत चालूच होता; मी तिच्याबरोबर गोदामात गेलो.

वर्ग आणि पोत्यांची थप्पी यांच्यामध्ये फक्त फळ्यांची भिंत होती. तिच्या पायथ्याशी तीन पाली मरून पडल्या होत्या. हवेला लसणासारखा वास होता.

"धान्यातले किडे मारायच्या गोळ्या कधी ठेवता?" मी गोदामवाल्याला विचारले.

"दर सोमवारी. ताडपत्री टाकतो की वरून."

ताडपत्री उंदरांनी कुरतडली होती. मी सगळ्यांना बाहेर काढले आणि वर्गाच्या सरांकडून गुणपत्रक मागितले. शेवटचा रकाना होता : 'हसतमुख, तक्रार नाही – दहा गुण'.

"आणि हे दहा गेले तर?"

"तर नापास. तिकडं कुरकुर करणारा माणूस कोण ठेवून घेईल, साहेब?"

"कुणाकुणाला त्रास होतोय?" मी मुलांना विचारले. पंधरा चेहरे हसले. एकही हात वर झाला नाही.

भाची माझ्या बाहीला धरून कुजबुजली, "मामा, आठच दिवस राहिलेत. कुठं काही लिहू नका ना." आणि तिथेच खाली बसली. तिचे ओठ निळे पडले होते.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारले, काय होतंय? ती म्हणाली, "काही नाही, बाई." पुढचा श्वास तिला नळीतून द्यावा लागला.

मी तरीही अहवाल लिहिला. त्रासाचे कारण असे : गोळ्यांचा विषारी वायू फळ्यांच्या फटींतून वर्गात येत होता आणि तो एकवीसही जणांना बाधत होता. ज्यांनी सांगितले ते नापास झाले. ज्यांनी लपवले ते पास. भाची फळ्यांच्या सर्वांत जवळ बसत असे, आणि त्या रकान्यात तिला पैकीच्या पैकी गुण होते.