गाडी कुणाची

बंकट मुकादम दुटप्पी आहे, असं कुणी म्हटलं की म्हणणाऱ्यालाच हसू यायचं. मुकादमानं दुटप्पी व्हायचं नाही तर काय करायचं? साखर कारखान्याच्या साहेबापुढं तो ऊसतोड मजुरांचा माणूस आणि मजुरांपुढं कारखान्याचा. तिकडं हात जोडायचे, इकडं डोळे वटारायचे, आणि दोन्हीकडचं बोलणं आपापल्या जागी खरं वाटलं पाहिजे. बंकटच्या हे इतकं अंगवळणी पडलं होतं की घरात बायकोशी बोलतानाही तो जपूनच बोलायचा.

त्या वर्षी पावसानं साफ दगा दिला. सिरसाळ्याच्या बाजूची गावंच्या गावं बिऱ्हाडं बांधून ऊसतोडीला निघायच्या तयारीत होती, तेवढ्यात दरवाढीसाठी संप पुकारला गेला. आवाज मोठा आणि शब्द तयार, म्हणून हमरस्त्याच्या फाट्यावर गाड्या अडवणाऱ्या संपकऱ्यांचा पुढारी झाला बंकट.

"दर वाढल्याबिगर एक गाडी हलणार न्हाई," तो पहिल्याच सभेत गरजला. "जो मुकादम गाडी हलवील, त्याचं तोंड त्याच्याच गाडीच्या जळक्या ऑइलनं काळं करू. मग तो माझा सख्खा भाऊ का असंना. इथं दुजाभाव न्हाई!"

'दुजाभाव' हा शब्द त्यानं गहिनीनाथ महाराजांच्या कीर्तनातून उचलला होता. महाराज तो देव आणि भक्ताबद्दल वापरायचे, बंकट संपाबद्दल. लोकांना दोन्हीकडं बरा वाटायचा.

आणि मग सहकारी कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्याचा गुपचूप निरोप आला. बंकटची टोळी लगेच उसाच्या फडात उतरली नाही, तर तिची जागा दुसऱ्या मुकादमाला. बंकटचं धाबं दणाणलं. टोळी गेली की मुकादमकी गेली, आणि टोळीतल्या माणसांना दुष्काळात गावात बसून खायचं तरी काय होतं? बरं, संप मोडला हे फुटलं तर फाट्यावर तोंड काळं. दोन्हीकडून मरण.

त्यानं डोकं चालवलं. सकाळी फाट्यावर मोठी सभा ठेवायची, रस्ता अडवणारी सगळी पोरं तिथं गोळा करायची आणि आपण भाषण ठोकायचं. तेवढ्यात गाडी मागच्या अंगानं, कोरड्या नदीच्या पात्रातून, पलीकडच्या सडकेला लावायची. ट्रक परगावचा, भाड्याचा. त्याचा ड्रायव्हर धोंडीराम आणि टोळीतला जाणता आश्रुबा, या दोघांनाच त्यानं बेत सांगितला. बायकोला, भिवराबाईला, सांगितलं नाही. बाईच्या पोटात गोष्ट राहत नाही, हे त्याचं ठाम मत. हे मत बाळगणाऱ्या बहुतेकांची गोष्ट त्यांच्याच तोंडून फुटते, पण ते असो.

सभा रंगात आली. बंकट बोलत होता आणि त्याचा एक कान नदीकडं होता. आता गाडी पलीकडं लागली असेल, असं वाटून त्याला जरा हुशारी आली, तोच घरघर ऐकू आली. पलीकडून नव्हे, अलीकडून, अगदी पाठीमागून. वर गाठोडी, शेळ्या आणि माणसं लादलेला ट्रक सभेच्या तोंडावरच येऊन थांबला.

धोंडीरामचा तरी काय दोष? पात्रात चाक घालायला जागाच नव्हती. टँकर बंद झाल्यापासून बायकांनी वाळूत जिथं तिथं झिरे खणले होते, पाण्यासाठी कमरेइतके खड्डे, वर बोराटीचे काटे टाकून झाकलेले. मागं वळायला जागा नाही, आणि काठाची गाडीवाट थेट फाट्यावर निघते. भिवराबाई रोज पहाटे त्याच झिऱ्यांवर हंडा भरायची. तिला एका शब्दानं विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं. पण महिनोन् महिने नदीत पाय न टाकलेल्या बंकटच्या डोक्यात नदी म्हणजे अजून मोकळी वाळूच होती.

पोरांचा म्होरक्या राधाकिशन ट्रकच्या पायरीवर चढला. "गाडी कुणाची हाय बे? मुकादम कोण?"

धोंडीराम स्टिअरिंगकडं बघत राहिला. सभेतली माणसं सगळी बाहेरगावची. बंकटच्या गावची होती ती ट्रकमध्येच. ही टोळी बंकटची, हे सभेत कुणालाच ठाऊक नव्हतं. राधाकिशननं धोंडीरामची गचांडी धरली. बंकट भाषणाच्या ओट्यावरून खाली उतरला. आता धोंडीराम आपलं नाव घेणार.

"सोड त्याला," वरून आवाज आला. आश्रुबा उतरत होता, गुडघे धरत, सावकाश. "गाडी माझी. मुकादम मी."

हा असं का म्हणतो? बंकटला क्षणभर कळेना. मग कळलं, आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं. मुकादम बुडाला तर टोळी बुडेल, एवढं म्हाताऱ्यानं बघितलं होतं.

कुणीतरी इंजिनखालून जळक्या ऑइलचा डबा भरून आणला. राधाकिशननं तो बंकटपुढं धरला. "शब्द तुमचा हाय, बंकटराव. तुमीच लावा."

"गाडी माझी हाय," एवढंच म्हणायचं होतं. शब्द जिभेवर आले होते. वर ट्रकमध्ये आश्रुबाची बायको छबुबाई तोंडात पदर धरून उभी होती. ती नवऱ्याकडं बघत नव्हती, बंकटकडं बघत होती. बंकटनं मान खाली घातली आणि डब्यात हात घातला.

हात आश्रुबाच्या गालापर्यंत गेला आणि लटलटायला लागला.

"हात नीट धरा, मुकादम," आश्रुबा ओठांतल्या ओठांत म्हणाला. "लोक बघत्यात."

बंकटनं काळं फासलं. कपाळ, गाल, पांढऱ्या मिशा. लाजेनं त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लोकांनी त्याच्या नावाचा जयजयकार केला, त्याला धरून परत ओट्यावर चढवलं. "बोला बंकटराव, बोला!"

आपला आवाज फुटणार नाही, असं त्याला वाटलं. थोडी आशाही वाटली, की नाही फुटणार. पण आवाज फुटला, चांगला खणखणीत. बंकट गद्दारीवर बोलला, इमानावर बोलला, गरिबाच्या पोटावर बोलला. इतका चांगला तो आजवर कधीच बोलला नव्हता, आणि बोलता बोलता त्याला स्वतःचं सगळं खरंही वाटायला लागलं.

तो थांबला. पहिली टाळी आश्रुबानं वाजवली.