निष्कलंक माणसाची पंचाईत

केंटकीच्या डोंगरांत माझ्यासारख्या भित्र्या माणसाला शिकारीपासून वाचवणारी एकच गोष्ट होती: माझ्या नावावरचा गुन्हा. गंभीर गुन्ह्याचा शिक्का एकदा बसला की बंदुकीला हात लावायचा नाही, असा आमच्याकडे कायदा.

गुन्हाही माझ्या अकलेला शोभेल असाच. ऐन पंचविशीत रोवेना नावाच्या मुलीवर छाप पाडायची म्हणून मी खडीच्या खाणीतला बुलडोझर न विचारता नेला. तिच्या घराच्या वाटेवर दरड आली होती. दरड हटवली, मग यंत्र थांबवायचं कसं ते कळेना, म्हणून तिच्या वडिलांचं तंबाखूचं कोठारही हटलं. मला पकडायला शेरीफ आला तेव्हा मी त्यालाच विचारलं, ब्रेक कुठं असतो. तुरुंग टळला, शिक्का बसला. रोवेनाने तरीही माझ्याशी लग्न केलं. का केलं, ते मी कधी विचारलेलं नाही. विचारलं तर तीही विचार करू लागेल.

दर नोव्हेंबरात तिचा भाऊ हर्शेल हरणाच्या शिकारीला निघायचा. मी ओसरीवर उभा राहून उसासा टाकायचो. "काय करणार गड्या, कायदा आड येतो." तो बिचारा मान खाली घालून जायचा, आणि मी शेगडीजवळ बसून मक्याचा पाव खायचो. एकदा त्याने तिरकमठा सुचवला. त्याला कायद्याची हरकत नव्हती. त्या दिवसापासून माझा खांदा दुखू लागला.

गेल्या वर्षी तो दारात येऊन म्हणाला, "डेल्मर, तुझा गुन्हा पुसता येतो. वाचनालयात वकील फुकट सल्ला देतायत. तुझं नाव घालून आलोय."

"एवढा त्रास कशाला घेतलास?"

"तुझा तो उसासा मला ऐकवत नाही."

उसासे माझेच होते.

कोर्टात न्यायाधीश बाईंनी कागद चाळले. "बुलडोझर कशासाठी नेला होता?"

"एका मुलीला खूश करायला."

"झाली का ती?"

मी मागे वळून पाहिलं. बाकावरून रोवेना म्हणाली, "बाई, त्याचा निकाल अजून लागायचाय."

बाईंनी हसू दाबलं. सरकारी वकिलाची हरकत नव्हती. अर्ज मंजूर झाला. "आता तुमच्या नावावर काही नाही," त्या म्हणाल्या, आणि खरं सांगतो, मला मनापासून आनंद झाला. नोकरीच्या प्रत्येक अर्जावर 'शिक्षा झाली आहे का' या प्रश्नाशी येऊन माझं पेन अडायचं. ते आता अडणार नव्हतं.

हा आनंद गाडीपर्यंत टिकला. तिथे हर्शेल त्याच्या दिवंगत वडिलांची बंदूक घेऊन उभा होता. "तुझ्यासाठी ठेवली होती," तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते.

नोव्हेंबरात त्याने मला झाडावरच्या मचाणावर चढवलं. थोड्या वेळाने एक हरीण येऊन थेट खाली उभं राहिलं. मी बंदूक उचलली. हरणाने वर पाहिलं. "जा की बाबा," मी पुटपुटलो.

शेजारच्या झाडावरून हर्शेल म्हणाला, "कुणाशी बोलतोयस?"

हरीण गेलं. मला खाली उतरवायला हर्शेलला यावं लागलं, कारण मला उंचीचीही भीती वाटते. जमिनीला पाय लागल्यावर मी सगळं सांगून टाकलं.

त्याने माझ्या बंदुकीतल्या गोळ्या काढून खिशात टाकल्या. मग म्हणाला, "म्हणजे खांदाही?"

"खांदाही."

"मी तीनदा रजा काढली रे वकिलासाठी."

त्यानंतर तो आमच्याकडे रविवारच्या जेवणाला येईनासा झाला. बुलडोझरची माफी कोर्टाने एका सकाळीत दिली; या खोटेपणाच्या माफीसाठी अर्ज कुठे करायचा, ते वकिलालाही ठाऊक नव्हतं. मी बंदूक त्याच्या घरी नेऊन दिली. त्याने ती घेतली आणि दार लावलं.

नाताळच्या आधी तो आपणहून आला. खुर्चीत बसला, टोपी गुडघ्यावर ठेवली. "हरणाचं मला काय पडलंय, डेल्मर? बाबा गेल्यापासून मी तिथे रानात एकटाच असतो. चूल पेटवता येते का तुला?"

"येते."

"मग हे आधी बोलला असतास तर?"

या नोव्हेंबरात मी गेलो. बंदूक त्याच्याकडे, पातेलं माझ्याकडे. हरीण काही मिळालं नाही. पहिल्याच दिवशी मी घेवड्याचं कालवण करपवलं. हर्शेलने ते मुकाट्याने खाल्लं आणि पुन्हा वाढून घेतलं.