गाड्याचं रान

लाकडी चाक. त्याला कधी कुणी वंगण घातलं नाही.

मैल्याचा टँकर, नंबराच्या पाटीवर चिखल थापलेला.

हिरवा चुडा, दहीभात, पाय बांधलेली जिवंत कोंबडी.

रुपालीच्या डोळ्यांतलं पांढरं, आता हळदीसारखं.

हद्दीचा दगड. दोन्ही गावांनी आपापला उचलून आपल्याच गावाकडे मागे आणलेला.

देवळासमोर ग्रामसभा भरली होती आणि सरपंच मथुराबाईंच्या डोक्यात हे सगळं एकदमच फिरत होतं.

विषय होता मांजरी गावापलीकडच्या माळाचा. त्याला गाड्याचं रान म्हणत. पूर्वी पटकीची साथ आली की लोक मरीआईचा गाडा सजवून वाजतगाजत शिवेपार नेऊन सोडायचे. रोगराई आता शेजाऱ्याची. शेजारीही काही कमी नव्हते, ते गाडा परत ढकलायचे. शेवटी गाडा माळावरच कुजला आणि तिथं पाय ठेवायला कुणी धजेना. लोक बांध कोरून दुसऱ्याची जमीन खातात. या दोन गावांनी दगड मागे ओढून माळ एकमेकांच्या गळ्यात घातला.

मथुराबाईंचं माहेर माळाच्या पलीकडं, सासर अलीकडं. माहेर महापालिकेत गेलं, तिथं बावीस मजले उभे राहिले. सासरी अजून पंचायत. मधल्या माळाला धनी नव्हता, म्हणून सोसायट्यांचा मैला उपसणारे टँकर तिथं रिकामे होत. गावाची विहीर त्याच माळाच्या पायथ्याला. मथुराबाईंची सून रुपाली कावीळ होऊन पडली होती. तशी घरोघर कुणी ना कुणी पडलं होतं.

टँकर आले की बाकीच्यांना इंजिन ऐकू येई. मथुराबाईंना चाक ऐकू येई.

महापालिकेत भूजलाचं काम बघणारे अभियंते सुदर्शन नकाशा घेऊन आले होते. त्यांनी समजावलं की माळाचा मुरूम पावसाचं पाणी पितो आणि दोन्हीकडच्या विहिरींना, बोअरना पुरवतो. महापालिका आणि पंचायतीनं मिळून तो मोकळा राखला, चर खोदले, कुंपण घातलं, तरच पाणी वाचेल. अडचण एवढीच की ठरावात आधी लिहावं लागेल, ही हद्द आमची.



पंचायतीचे जुने सदस्य गेनबा तंबाखू मळत म्हणाले, "सायेब, तुमच्याकडं बावीस मजलं हायेत. एवढा माळ ठिवा की वरच्या मजल्यावर."

"ठेवला असता," सुदर्शन म्हणाले. "पण तिथवर पाणी चढत नाही. टँकरनं आणतो."

लोक हसले. गेनबा हसले नाहीत. पुढं वाकून ते हळू आवाजात बोलले. "वैनी, हद्द घेतली म्हंजी गाडा बी घेतला. त्यात काय बसून आलंय ते तुमास्नी ठावं हाय."

मथुराबाईंना ठाऊक होतं. लहानपणी गाडा आला की पोरींना घरात कोंडायचे, आणि दाराच्या फटीतून तो आवाज आत यायचा. कुई. मग थोडं थांबून, कुई. आत्ताही तो देवळामागून येत होता. कुणीच मान वळवली नाही.

त्या उठल्या, पदर खोचला. "लिहा, हद्द आमची हाय. आन गाडा बी आमचाच." मग सुदर्शनकडं वळल्या. "आता माझं माहेर काय म्हणतंय ते सांगा."

सुदर्शनच्या मसुद्यात 'लगतची जमीन' असं होतं. त्यांनी ते खोडलं. "आमचीही. वरून मंजुरी आणायचं माझ्यावर."

हात वर झाले. गेनबांचा सगळ्यांत शेवटी, तोही अर्धाच.

मंजुरी आली तशी दोन्हीकडची माणसं आपापला दगड पुढं घेऊन माळावर गेली आणि मधोमध शेजारी शेजारी रोवून आली. कुंपण पडलं. टँकर आले, तसेच माघारी वळले.

त्या दिवशी दिवेलागणीला चाक गल्लीत शिरलं. सावकाश आलं आणि मथुराबाईंच्या दारात थांबलं. त्यांनी दहीभाताचं ताट उंबऱ्यावर ठेवलं. दार लावलं नाही.

"आत्याबाई, कोण आलंय?" रुपालीनं आतून विचारलं.

"आपलंच हाय," त्या म्हणाल्या.

मथुराबाई सात वर्षांच्या होत्या त्या साली गाडा माहेरच्या शिवेवर आला, त्याच्या कितीतरी आधी पटकी विहिरीच्या पाण्यातून तिथं पोचली होती.