पोटाची रेषा

मालिशवालीला नव्याने येऊ लागलेल्या एका शिक्षिकेचा संशय पहिल्याच दिवशी आला. बाकीची गिऱ्हाइकं डोळे मिटून पडायची; ही मात्र मान उचलून तिच्या अंगठ्यांकडे टक लावून बघायची. चिनी पद्धतीत पोटाची रेषा गुडघ्याखाली नडगीच्या कडेने पायाच्या दुसऱ्या बोटापर्यंत उतरते आणि ती दाबली की पचन सुधारतं, असं मानतात. "इथे किती वेळ दाबायचं?" असं ती जागोजागी विचारायची.

ही बाई समोरच दुकान थाटणार, असं मालिशवालीच्या मनाने घेतलं. म्हणून एकदा तिने मुद्दाम रेषा सोडून नडगीच्या हाडावरच हलकेच दाबलं.

दोन दिवसांनी शिक्षिका आली. "ताई, तुम्ही केलं तसंच आईला केलं, पण ती कळवळली. माझंच काही चुकलं का?"

"कुठली आई?"

"माझी. अंथरुणाला खिळली आहे, खाल्लेलं पचत नाही. तुमचा जिना तिला कसा चढवणार?"

मालिशवालीचा चेहरा उतरला. "चूक माझी होती," एवढंच ती म्हणाली आणि दुकानाला कुलूप लावून तिच्यासोबत निघाली. तरी घरात शिरताना दारावर मालिशची पाटी आहे का, ते तिने पाहिलंच. आत म्हातारी पडून होती. तिच्या नडगीवर काळानिळा डाग होता. मालिशवाली खाली बसली आणि डाग टाळून तिने हलक्या हाताने रेषा धरली.