शोकसंदेशाखालचा हसरा चेहरा

"बाबा, माणूस गेलाय आणि तुम्ही हसताय?"

सासऱ्यांनी चष्मा कपाळावर सरकवून फोन लांब धरला. त्यांच्या जुन्या फोरमनच्या निधनाची बातमी, आणि खाली बाबांच्या नावानं डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसणारा पिवळा चेहरा.

"मी? अगं, त्याला पोचवायला मी सगळ्यांत पुढे होतो!"

"शिवाय 'पहिलं बाळंतपण' या ग्रुपचे तुम्ही सभासद आहात."

"आता मात्र हद्द झाली," बाबा म्हणाले.

छत्तीस वर्षं पाण्याचे पंप दुरुस्त करून बाबा निवृत्त झाले, त्याला चार महिने होत होते. तेवढ्या अवधीत त्यांनी घरातला धडधाकट मिक्सर तीनदा दुरुस्त केला; चौथ्यांदा तो खरंच बिघडला. दिवसभर हात चोळत घरभर फिरणारा हा माणूस मला बघवत नव्हता. शेजारच्या मोठ्या वसाहतीला पंपघरासाठी मेकॅनिक हवा होता. मुलाखत दुसऱ्या दिवशी, आणि अर्जातली शेवटची ओळ मी आत्ता वाचत होते : उमेदवाराचं सोशल मीडिया तपासलं जाईल.

"पंप काय माझे फोटो बघून पाणी चढवणार आहे?"

"हल्ली असंच असतं, बाबा."

मी एकेक पुसायला बसले. पुसता पुसता वेळा दिसल्या. सगळा गोंधळ दुपारी साडेबारा ते एक. तेव्हा बाबा आडवे झालेले असतात, आणि मी ठकीला, माझ्या अडीच वर्षांच्या लेकीला, भरवत असते.

मुलीच्या हातात फोन द्यायचा नाही, हे मीच घराला दहादा बजावलेलं. माझ्या फोनवर किती वेळ काय चाललं ते नवऱ्याला दिसतं, म्हणून चोरून द्यायचे तो बाबांचा. एक घास, एक अंगठा. एक घास, एक हसरा चेहरा.

मी गुपचूप सगळं साफ केलं, बाबांचा टाय लावलेला फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'अनुभवी, मनमिळाऊ, निर्व्यसनी.'

"माझं लग्न जमवते आहेस का?" बाबांनी विचारलं.

मुलाखत घेणारा मॅनेजर माझ्याच वयाचा निघाला. ठकीला ठेवायला कुणी नव्हतं, म्हणून मी तिला कडेवर घेऊन बाबांच्या शेजारी बसले होते.

"काका, काल तुमचं प्रोफाइल एकदम चकाचक झालं," तो म्हणाला. "पण आम्ही मंगळवारीच बघून ठेवलं होतं." त्यानं स्क्रीन आमच्याकडे वळवली. तोच पिवळा चेहरा.

बाबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "बोट चुकलं माझं," ते म्हणाले. "वय झालं आता."

नोकरी मागायला आलेला मेकॅनिक स्वतःच्या तोंडानं हे म्हणत होता! म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं. फोनच्या काचेवरची खरकटी बोटं रोज तेच पुसत असणार.

"बोट हिचं होतं," मी ठकीला पुढे केलं. "फोन मी द्यायचे. भरवताना."

मॅनेजरनं दाराकडे एक नजर टाकली आणि आवाज खाली आणला. "जेवते का पण त्यानं?"

"वाटीभर."

"आमचा नाही हो जेवत. तुम्ही काय लावता?"

मी सांगणार, तेवढ्यात बाबा भिंतीकडे बोट करून म्हणाले, "साहेब, तुमचा एक पंप कण्हतोय."

"मला तर काही ऐकू येत नाही."

"चला, ऐकवतो."

पंपघरात बाबांनी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला, टोक पंपावर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. मग मॅनेजरला दिला. तो डोळे मिटून ऐकत राहिला.

"बेअरिंग," बाबा म्हणाले. "आठ दिवस काढेल. नववा नाही."

मॅनेजरनं स्क्रूड्रायव्हर दोन्ही हातांनी परत दिला. "सोमवारी या, काका. आणि ते 'मनमिळाऊ' काढून टाका."

दुसऱ्या दिवशी साडेबाराला फोन कपाटावर होता आणि ठकीचे ओठ कुलूप लावल्यासारखे मिटलेले. मी घास धरून रडकुंडीला आले होते. बाबा उठले, लाकडी चमचा आणला, त्याचं एक टोक माझ्या छातीला टेकवलं आणि दुसरं ठकीच्या कानाला.

"ऐक. काय म्हणतंय?"

ठकीचं तोंड आपोआप उघडलं. "धड धड धड!"

"जरा जोरात चालतंय," बाबा म्हणाले. "पण ठीक आहे ना?"

तिनं पुन्हा कान लावला. फार वेळ, फार गंभीरपणे. घास माझ्या हातातच राहिला.