माझ्या पानांना सोनं म्हणू नका

मी एक वेल बोलतेय, आणि रागात बोलतेय. ऐकायचं असेल तर लांब उभं राहून ऐका. माझ्या मांडवाला टेकू नका, तो आधीच कलला आहे.

पहिली गोष्ट, मी आपटा नाही. माझ्या पानाच्या टोकाला खाच दिसली की तुम्हा मराठी माणसांचे हात शिवशिवायला लागतात, म्हणून हे आधीच सांगून टाकते. आपटा, कांचन आणि मी एकाच गोतातले, हे खरं आहे. पण आपटा तुमच्या डोंगरावर झाड होऊन स्वतःच्या पायावर उभा असतो. मी सिंगापूरच्या जंगलातली वेल. मला वर जायला दुसऱ्याचा खांदा लागतो. कुठल्यातरी लांबच्या चुलतभावाचं नाव लावून मला कोणी ओरबाडावं, हे मला मंजूर नाही.

माझा जन्म सेम्बावांगचा. तिथे जंगलाचा एक तुकडा उरला होता. नकाशे घेऊन येणारे लोक त्याला 'रिकामी जागा' म्हणायचे. रिकामी! माझी आई तिथे एका उंच झाडाच्या शेंड्यापर्यंत चढली होती. तिच्या अंगावरून खारी धावायच्या, तिच्या फुलांवर चिमुकले पक्षी भांडायचे, आणि पाऊस पडून गेला की खाली बेडकांचा असा गलका उठायचा की विचारू नका. एवढा संसार मांडलेला, आणि यांना जागा रिकामी दिसत होती.

मग हिरव्या पत्र्यांचं कुंपण आलं, त्यामागून यंत्रं आली. आईचं झाड पाडलं तशी आईही त्याच्याबरोबर खाली आली. पुढे तिथे उंच इमारती झाल्या आणि त्यांच्या नावात 'वन' हा शब्द घातला. फाटकावर वेलबुट्टी काढली. समोरच्या पादचारी पुलाच्या कठड्यावर दूरदेशची बोगनवेल आणून बसवली. हे सगळं मी नंतर ऐकलं, आणि जखमेवर मीठ चोळतात म्हणजे काय ते कळलं. बोगनवेलीवर मात्र माझा राग नाही. ती काही स्वतःच्या मर्जीने आली नव्हती. आणि माझा जीव वाचवणारी बाईसुद्धा परदेशातूनच आलेली होती.

तिचं नाव अरुणा. मूळची चिपळूणची. तिचा नवरा श्रीराम मरीन इंजिनियर, इथल्या शिपयार्डमध्ये जहाजांची इंजिनं दुरुस्त करायचा. पत्रे लागायच्या आधी काही हौशी लोक परवानगी काढून रविवारी जंगलात यायचे आणि वाचवता येतील ती रोपं उचलून न्यायचे. त्यांच्यात ही एक. मी तेव्हा दोन पानांची होते. तिच्याजवळच्या पिशव्या संपल्या होत्या. सकाळी हॉकर सेंटरवरून, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांवरून, तिने कॉफी घेतली होती. इथे ती प्लॅस्टिकच्या पिशवीत ओतून वर दोरी बांधून देतात. तिने ती पिशवी विसळली, ओली माती भरली आणि मला त्यात बसवलं. बसमधून मांडीवर धरून घरी नेलं. पुढे कितीतरी दिवस माझ्या मुळांना कॉफीचा वास येत होता.

सुरुवातीला मी त्यांच्या फ्लॅटबाहेरच्या कॉरिडॉरमध्ये होते. मला तिथे पकडायला काही नव्हतं, म्हणून मी शेजारच्या ओंग आंटीच्या सायकलला ताणे गुंडाळले. आंटी एका सकाळी सायकल काढायला गेली आणि माझ्यासकट ओढू लागली.

"अय्यो, कॉरिडॉर कॅनॉट लाह!" ती ओरडली. "ब्रिंग डाउन! माय गार्डन गॉट स्पेस."

इमारतीखालची सामायिक बाग आंटीच सांभाळायची. तिथे तिची कारली, मिरच्या, स्वयंपाकात घालायची वासाची पांदानची पानं, आणि एका कोपऱ्यात मी. श्रीरामने शिपयार्डमधल्या टाकाऊ पाइपांचा मांडव करून दिला. गाठी अशा मारल्या की वादळात सुटू नयेत. आंटी अरुणाला चिडवायची, की तुझी वेल खाता येत नाही, तिला वास नाही, मग तिचा उपयोग काय? अरुणा हसून म्हणायची, "आंटी, हिची आई इथली होती." आंटीला ते पटलं असावं. तिने पुन्हा विचारलं नाही आणि माझ्या मुळाशी अंड्याची टरफलं टाकायला लागली.

काही वर्षं मी नुसती चढत राहिले. २०१५ साली मला पहिल्यांदा फुलं आली आणि त्यांतल्या काहींच्या शेंगा धरल्या. अरुणाचा आनंद काय वर्णावा! तिने झाडांच्या जाणकार अधिकाऱ्याला बोलावून मला दाखवलं. तो म्हणाला, हिच्या जातीच्या वेली बेटावर फार थोड्या उरल्यात. शेंगा वेलीवरच पुऱ्या वाळू द्या, मग त्यातलं बी आपण राखीव जंगलात लावू. त्या दिवसापासून अरुणा रोज संध्याकाळी येऊन शेंगा नुसत्या बघायची. हातसुद्धा लावायची नाही.

त्याच सुमारास शिपयार्डमधलं काम आटत चाललं होतं. तेलाचे भाव पडले होते, नवी जहाजं येत नव्हती, माणसांना घरी पाठवत होते. नोकरी गेली की इथे राहायचा पास जातो आणि पास गेला की गाशा गुंडाळावा लागतो. अरुणा माझ्याजवळ बसून पुटपुटायची, "शेंगा वाळेपर्यंत तरी आम्हाला इथे राहू दे गं." जणू ते माझ्या हातात होतं.

आता त्या दसऱ्याचं सांगते.

आदल्या वर्षी माझं एक गळलेलं पान अरुणाने देवापुढे ठेवलं होतं. श्रीरामने त्याचा फोटो काढून इथल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला: 'आमच्या दारी सोनं!' गंमत म्हणून टाकला असेल. पण माणसं गंमत विसरतात आणि पत्ता लक्षात ठेवतात. त्या वर्षी दसऱ्याचा कार्यक्रम बेडोकच्या एका हॉलमध्ये ठरला आणि आपट्याच्या पानांचा प्रश्न आला. सरकारी बागेतल्या झाडाचं पान तोडलं तर दंड होतो, हे सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं. तेव्हा मनोहरला मी आठवले.

मनोहर म्हणजे इथल्या मराठी मंडळाचा कर्ताकरविता. पाया लेबारच्या एका कंपनीत मॅनेजर. कोणाच्या घरी पाहुणे आले, कोणाचं सामान यायचं राहिलं, हा धावून जाणार. त्याने श्रीरामला फोन केला. "अरे, सरकारी झाडाला हात लावायचा नाही, पण ही आपल्याच माणसाची वेल आहे की!" आणि बोलता बोलता हेही म्हणाला, की तुझा बायोडेटा पाठव, एका ओळखीच्याकडे देतो. झालं! श्रीरामच्या तोंडून 'नाही' निघेना. "थोडी पानं घ्या," तो म्हणाला. अरुणाला त्याने पत्ता लागू दिला नाही. ज्याने माझा मांडव बांधला, त्यानेच मला दाखवून दिलं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, दुसरं काय!

दसरा त्या वर्षी आठवड्याच्या मधेच आला. माणसांना सुट्टी नव्हती, म्हणून तो शनिवारी साजरा करायचा ठरला. त्या दिवसांत समुद्रापलीकडच्या जळणाऱ्या रानांचा धूर बेटावर साचला होता. आकाश मळकं, सूर्य तांबडा, माणसांच्या तोंडावर मास्क. धुराने माझीच पानं जड झाली होती, शेंगा कशाबशा धरून होते. अरुणा सकाळीच बेडोकला रांगोळी काढायला आणि श्रीखंड करायला गेली होती.

मंडळी आली. चांगले कपडे, हातात पिशव्या. सगळे माझ्यासमोर रांगेत उभे राहिले, मास्क खाली केले, हात जोडले. कोणीतरी मंत्र म्हटला. मला वाटलं, चला, निदान रीत तरी पाळतात. मंत्र संपला आणि पिशवीतून कात्र्या निघाल्या.

थोडी पानं म्हणे! एकाने फांदी खाली ओढली, दुसरा खुर्चीवर चढला. माझे ताणे तटातट तुटले. श्रीराम मागे उभा राहून "जपून, जपून," म्हणत होता. काय जपून? त्याची मुलगी किमया मात्र मधे घुसली.

"अंकल, डोन्ट कट लाह! आई सेड कॅनॉट टच!"

"अगं, सोनं आहे ते," मनोहर हसत म्हणाला. "आज लुटायचं असतं. तुला नाही कळायचं."

"बट शी सेड कॅनॉट!" किमया रडकुंडीला आली. तिने बापाकडे पाहिलं. बाप बुटांकडे बघत होता.

तेवढ्यात एका बाईंना शेंगा दिसल्या. "अय्या, या पण घ्या ना. सरस्वतीच्या पाटीभोवती काय छान दिसतील!" आणि शेंगांसकट माझ्या फांद्या उतरवल्या. एक शेंगही ठेवली नाही.

पुढचं हॉलमधलं. माझी पानं तिथे होती, म्हणून मला ठाऊक आहे. लोक एकमेकांना मिठ्या मारत होते, "सोनं घ्या, सोन्यासारखे राहा" चाललं होतं. अरुणा हात पुसत स्वयंपाकाच्या बाजूने बाहेर आली. मनोहरने तिच्या हातात पान ठेवलं. "घ्या वहिनी, तुमच्याच घरचं सोनं!"

तिने पान उलटं केलं. मागची तांबूस लव पाहिली. मग तिने पाटीकडे पाहिलं आणि तिथे रांगोळीभोवती माझ्या हिरव्या शेंगा मांडलेल्या दिसल्या.

"हे कोणी तोडलं?" तिने विचारलं. "मी विचारतेय, कोणी तोडलं?"

श्रीराम पुढे आला. "मी सांगितलं त्यांना. अगं, थोडीच पानं म्हणालो होतो..."

अरुणाचा आवाज कधी चढलेला मी ऐकला नव्हता. त्या दिवशी चढला. "दंड होईल म्हणून रस्त्यावरच्या झाडाला हात लावला नाहीत ना? मग हिला का लावलात? हिच्यासाठी विचारणारं कोणी नाही म्हणून?" ती पूजेपाशी गेली आणि एकेक शेंग उचलून ओच्यात टाकू लागली. "अहो, मांडलेली पूजा आहे!" कोणीतरी दबक्या आवाजात म्हणालं. "असू दे," ती म्हणाली. शेवटची शेंग उचलताना तिच्या हाताने रांगोळी पुसली गेली. श्रीखंड तसंच टाकून ती किमयाला घेऊन घरी निघाली.

शेंगा तिने वर्तमानपत्रावर पसरून वाळवल्या. बिया कोवळ्या होत्या. पेरल्या, त्या मातीतच कुजल्या. एकही उगवली नाही. मनोहरने फोन करून माफी मागितली, मंडळातर्फे मिठाईचा खोका पाठवला. वरातीमागून घोडं! अरुणाने खोका ओंग आंटीला देऊन टाकला. आंटीने माझ्या कापलेल्या फांद्यांना हळद लावली आणि तिच्या भाषेत बराच वेळ शिव्या घातल्या. त्या शिव्यांनी मला जेवढा धीर दिला, तेवढा कोणाच्या नमस्काराने कधी दिला नाही.

श्रीरामचा बायोडेटा कुठे गेला कोण जाणे. नोकरी पुढच्या वर्षी गेलीच. दसऱ्याच्या आधी त्यांचं सामान बांधून झालं होतं. मी तोवर पालवले होते, पण फुलाचं नाव नव्हतं. अरुणा शेवटची भेटायला खाली आली, सोबत श्रीराम होता. आणि त्यांना निरोप द्यायला मनोहर आला. माझ्यासमोर उभा राहून त्याने पुन्हा हात जोडले.

"वहिनी, यंदा कागदाचं सोनं केलंय सगळ्यांना. फक्त पूजेपुरतं एक पान..."

"एकही नाही, भावजी."

"अहो, एका पानाने काय होतंय?"

अरुणा काही बोलायच्या आत श्रीराम माझ्या आणि मनोहरच्या मधे येऊन उभा राहिला. "तिने नाही म्हटलंय," तो म्हणाला. मनोहर गेला. बरं झालं. पण हेच वाक्य वर्षाआधी त्याच्या तोंडून निघालं असतं, तर आज राखीव जंगलात माझी लेकरं चढत असती. त्याला मी माफ केलेलं नाही. वेलींनी क्षमाशील असावं, असं कुठे लिहिलंय?

अरुणा गेली. जाताना माझ्या बुंध्यावर गाल टेकून रडली आणि म्हणाली, "तुला टाकून जातेय गं." तिच्यावर मी रागावू शकत नाही. बाकी सगळ्यांवर रागावते, त्यात मला बरं वाटतं.

आता माझ्याकडे ओंग आंटी बघते. तिचे गुडघे दुखतात, तरी ती पाणी घालायला येते. या वर्षी मला पुन्हा फुलं आली. वाऱ्यापावसात बहुतेक गळली. एक शेंग धरली आहे. एकच. ती अजून हिरवी आहे आणि दसरा जवळ आला आहे. माझ्याकडे काटे नाहीत, विष नाही, ओरडायला आवाज नाही. आहे तो हा राग, आणि तोही तुम्ही ऐकलात तरच कामाचा. तेव्हा एवढंच करा: शेंग वाळेपर्यंत माझ्या जवळ येऊ नका. अगदीच राहवलं नाही, तर हात लांबूनच जोडा, आणि जोडलेलेच ठेवा.