रिकामं, वापरू नये

भाचीने रेकॉर्ड टेबलावर ठेवली आणि शेजारी माझ्या घराची किल्ली ठेवली. मी बाथरूममध्ये पडले त्या दिवसापासून, म्हणजे गेली अकरा वर्षं, ती किल्ली तिच्याकडे होती. ती बसली नाही. पर्सही खांद्यावरून काढली नाही.

"आईची रेकॉर्ड आहे," ती म्हणाली.

"ताईच्या चारच निघाल्या. चारही माझ्या कपाटात आहेत."

"ही पाचवी. मागच्या महिन्यात निघाली. तारीख वाच."

मी चष्मा लावला. पांढरं पाकीट, वर ताईचं नाव आणि पन्नास वर्षांपूर्वीची एक तारीख. ती तारीख मला वाचायची गरज नव्हती. त्या संध्याकाळी ताईने सहा गाणी म्हटली होती आणि सहाही वेळा वरच्या सुरावर तिचा आवाज फाटला होता. घशात गाठ होती, पण ते महिन्याभराने कळलं. त्या दिवशी तिला एवढंच कळलं की आवाज गेला. स्टुडिओच्या बोळात ती भिंतीला टेकून रडत होती. माझा हात धरून म्हणाली, "धाकटे, हे पुसून टाक. माझ्यामागे हा आवाज राहता कामा नये."

मी त्याच रेकॉर्ड कंपनीत टेपच्या खोलीत नोकरीला होते. परवानगीशिवाय टेप पुसली तर नोकरी जायची. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी, कुणी यायच्या आत, मी ते रीळ पुसायच्या चुंबकावर ठेवून तीनदा फिरवलं आणि कोऱ्या टेपच्या फळीवर लावून टाकलं. ताई पुन्हा कधी गायली नाही. पण मी तिच्यासाठी काय केलं, हे ती मरेपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. भाची ते ऐकतच मोठी झाली.

"तू पुसलं होतंस ना?" भाचीने विचारलं.

"पुसलं होतं."

"मग यावर गातंय कोण?"

मी तारीख पुन्हा वाचली.

"आईला तू आयुष्यभर फसवलंस, मावशी. पुसलं नाहीसच. आणि आता विकलंस. त्या खोलीच्या किल्ल्या तुझ्याकडेच असायच्या, तूच सांगायचीस."

"विकायचं असतं तर पन्नास वर्षं थांबले असते का?"

"किंमत यायची वाट बघत असशील. दुकानात पुस्तकाच्या भावाने आली होती. आठवड्याने मी घेतली तेव्हा त्याच्या नऊपट द्यावे लागले." दारापर्यंत जाऊन ती वळली. "गॅस बंद करत जा रात्री. मी आता बघायला येणार नाही."

किल्ली टेबलावरच राहिली. जवळचं म्हणावं असं मला हे एकच माणूस उरलं आहे.

माझा स्वभाव संशयी आहे. टेपच्या खोलीत चोवीस वर्षं काढलेल्या माणसाचा तसा होतोच. लोक रिळं नेतात, आणलीच नाहीत म्हणतात, भलत्याच खोक्यात घालून परत करतात. ताई म्हणायची, धाकटीला आरशात कोणी दिसलं तर आधी ओळखपत्र मागेल. त्या दिवशी मी एकेकावर संशय घेत बसले. आधी कंपनीवर, मग दुकानदारावर. भाचीच्या नवऱ्यावरही घेतला, त्याचा गुन्हा काही नव्हता तरी.

रेकॉर्ड वाजवायचं यंत्र माझ्याकडे अजून आहे. सील फोडून सुई ठेवली. आधी खरखर, मग एका तरुण मुलीचा आवाज. ताईचं नाव, गाण्याचे पहिले शब्द, "टेक एक." तो आवाज माझा होता. टेक पुकारायचं काम माझंच असायचं. मी सुई उचलली. पुढचं ऐकलं नाही. तेवढं तरी वचन पाळावं म्हटलं.

मग पाकीट उलटं केलं. मागे जुन्या टेपच्या खोक्याचा फोटो छापला होता. भिंग आणलं. खोक्यावर माझ्या अक्षरात त्या दिवसाची तारीख होती, "दुपार" लिहिलेलं होतं आणि क्लॅरिनेटवाल्या बुवांचं नाव होतं. त्यावर निळ्या पेन्सिलीची जाड काट. काटेखाली त्याच पेन्सिलीने लिहिलं होतं: रिकामं, वापरू नये.

आमच्या स्टुडिओत निळी पेन्सिल एकच माणूस वापरायचा. आमचा रेकॉर्डिस्ट. टाचणी पडली तरी त्याला काचेपलीकडून ऐकू यायची, म्हणून सगळे त्याला टाचणी म्हणायचे. त्याच दिवशी दुपारी क्लॅरिनेटवाल्यांचं रेकॉर्डिंग झालं होतं. आठवड्याने टाचणी साहेबांकडे गेला आणि ते रेकॉर्डिंग आपल्या हातून पुसलं गेलं असं म्हणाला. क्लॅरिनेटवाले तोवर वारले होते. पुन्हा वाजवून घ्यायची सोय नव्हती. टाचणीला त्याच दिवशी काढलं. पितो हो, दुसरं काय, असं मी टेपच्या खोलीत सगळ्यांना सांगितलं होतं.

आता मला सगळं लख्ख दिसलं. चोर सापडला होता. ताईचं रीळ यानेच पळवून मेलेल्या माणसाच्या खोक्यात दडवलं आणि म्हातारपणी विकून खाल्लं.

दुसऱ्या दिवशी आधी मी पाकिटावर शिक्का होता त्या दुकानात गेले. अरुंद दुकान, छतापर्यंत रेकॉर्डी, गल्ल्यावर पन्नाशीचा दुकानदार. मी ताईचं नाव घेतलं तसा तो मान हलवत हसला.

"संपल्या, आजी."

"गल्ल्याखाली किती ठेवल्यात?"

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. "दोन. तुम्ही आयकरातून आलात का?"

"मी तिची बहीण. कंपनीला हे कोणी विकलं?"

"विकायचं काय त्यात? त्यांच्याच गोदामात पडलं होतं." त्याने मला स्टूल दिलं. "कंपनी आता युरोपातल्या लोकांची आहे, आजी, आणि तिकडचा कायदा असा आहे. रेकॉर्डिंग पन्नास वर्षांत बाजारात आणलं नाही तर कंपनीचा हक्क संपतो. मग कुणीही छापावं. आणलं तर हक्क आणखी वीस वर्षं टिकतो. म्हणून वर्ष संपत आलं की ते गोदाम उपसतात, पन्नास वर्षांपूर्वीची न निघालेली सगळी रिळं बाहेर काढतात आणि शंभर शंभर प्रती छापून माझ्यासारख्याकडे टाकतात. जाहिरात नाही, काही नाही. त्यांना विकायचं नसतंच. विकलं होतं एवढं दाखवायचं असतं."

"रिकामं लिहिलेलं रीळसुद्धा?"

"रिकामं लिहिलेलं तर आधी लावतात. पूर्वी दडवायचं ते तसंच लिहून ठेवायचे म्हणे."

"आणि शंभर लोक हे ऐकत बसलेत."

"ऐकतंय कोण?" तो म्हणाला. "सील फोडलं की किंमत निम्मी. शंभरातल्या नव्वद कुणी उघडायचं नाही. एकाने तर कपाटाला कुलूप केलंय. बायकोला सांगितलंय, घराला आग लागली तर आधी हे."

टाचणीचा पत्ता त्याच्याकडेच मिळाला. नोकरी गेल्यावर टाचणीने जन्मभर रेडिओ दुरुस्त केले होते आणि या दुकानातली यंत्रंही तोच बघायचा. कंपनीने टाचणीकडून काही विकत घेतलं नव्हतं, हे मी ऐकलं होतं. पण संशय एकदा बसला की खुर्ची सोडत नाही. रीळ पळवलं नसेल, दडवलं तर होतं.

तो तळमजल्यावर एका खोलीत राहत होता. शहाऐंशी वर्षांचा झालाय. दार उघडून त्याने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. डाव्या कानात यंत्र होतं.

"टेक एक," तो म्हणाला.

"ओळखलंस म्हणजे."

"मोठ्याने बोल. टाचणीला आता घणसुद्धा ऐकू येत नाही."

त्याने चहा केला. खिडकीखालच्या टेबलावर उघडे रेडिओ, स्क्रू काचेच्या बरण्यांमध्ये आकाराप्रमाणे लावलेले. मी पाकीट त्याच्यासमोर उलटं ठेवलं.

"ही पेन्सिल कोणाची?"

"माझी."

"माझ्या बहिणीचं रीळ तू या खोक्यात का लपवलंस?"

"मी नाही घातलं ते यात."

"मग चालत गेलं का?"

त्याने बशीतला चहा संपवला. घाई केली नाही. "खोक्यावरचं अक्षर कोणाचं?"

"माझं. मीच लिहायचे."

"आणि रिळावर काय लिहिलं होतंस?"

आमच्याकडे एक नियम होता, नव्या माणसाला पहिल्याच दिवशी शिकवायचे: आधी रिळावर, मग खोक्यावर. रीळ यंत्रावरून उतरवायच्या आधी त्यावर पट्टी चिकटवून नाव लिहायचं. खोकी बदलतात, रीळ बदलत नाही. हा नियम मी पुढे वीसएक जणींना शिकवला. त्या संध्याकाळी ताई बोळात रडत होती. टेबलावर दोन उघडी रिळं पडली होती, दुपारचं आणि संध्याकाळचं. दोन्हींवर पट्टी नव्हती. मी खोक्यांवर लिहिलं, रिळं आत घातली आणि तिच्याकडे धावले.

"आठवड्याने क्लॅरिनेट लावायला म्हणून मी हे खोकं उघडलं," टाचणी म्हणाला. "सुरू केलं तर तुझा आवाज आणि मग तुझी बहीण. तेव्हाच कळलं. तिच्या खोक्यात क्लॅरिनेट गेलं असणार, आणि तिचं खोकं तर कोऱ्याच्या फळीवर. वाजवून पाहिलं. स्वच्छ. चुंबक चांगलं होतं आपलं."

मी पाकिटावरच्या स्वतःच्या अक्षराकडे बघत राहिले. दुपार. क्लॅरिनेट. वळण सुंदर होतं, एकही अक्षर डगमगलेलं नव्हतं.

"साहेबांना का नाही सांगितलंस?" शेवटी मी विचारलं.

"मला देव करू नकोस. नियमाने दोन यंत्रं चालवायची, एक बिघडलं तर दुसरं. मी त्या दिवशी दुसरं लावलंच नव्हतं. कंटाळा केला. ते कळलं की मी जाणारच होतो. मग एका रिळापायी दोन माणसं कशाला?"

"मला तरी सांगायचं होतंस."

"तू दुसऱ्या मिनिटाला साहेबांच्या खोलीत गेली असतीस. तुझं तोंड आणि लाउडस्पीकर, फरक एवढाच की तुला बटण नाही."

"आणि ताईचं रीळ? ते का नाही पुसलंस?"

तो कानातलं यंत्र काढून पुसत बसला. मला वाटलं, उत्तर टाळतोय. पुन्हा घातल्यावर म्हणाला, "बसलोच होतो पुसायला. आधी एकदा ऐकलं. मग हात होईना. रिकामं म्हणून लिहिलं आणि मागच्या फळीवर सारलं. वाटलं, उंदीर खातील." मग कपबशा उचलत म्हणाला, "तू म्हणालीस, मी पितो."

"कुणी सांगितलं तुला?"

"मी सामान आवरत होतो. टेपच्या खोलीतला माइक काचेपलीकडे ऐकू यायचा. तुम्ही कधी बंद करायचा नाहीत."

मी उठले. जिन्याचा कठडा धरला तेव्हा लक्षात आलं की या घराला जिना नाही, मी त्याच्या दाराची चौकट धरून उभी आहे. तो म्हणाला, सावकाश जा.

घरी येऊन मी विचार केला तो आधी लबाडीचाच, हे कबूल करते. भाचीला सांगता आलं असतं, टाचणीने लपवलं. फोटोत त्याचं अक्षर होतं. खोटंही ठरलं नसतं. त्याला आणखी थोडं वाईट ठरवलं की माझी भाची परत येणार होती. पन्नास वर्षं ठरवलंच होतं की. पण टेबलावर किल्लीशेजारी पाकीट उलटं पडलं होतं आणि त्यावर माझं वळणदार अक्षर मला दिसत होतं.

मी फोन केला. "ये. फोनवर नाही सांगणार."

"गॅस राहिला का?"

"नाही. ये."

ती आली आणि उभीच राहिली. मी सगळं सांगितलं. पट्टी, दोन रिळं, क्लॅरिनेट, माइकसुद्धा. मध्ये ती कधी बसली ते मला कळलं नाही.

"म्हणजे तू आईला फसवलं नाहीस," ती म्हणाली.

"नाही. पुसलं होतं. भलतंच पुसलं."

"आईला कळलं असतं तर?"

"आठवडाभर बोलली नसती. मग सगळ्यांना सांगत सुटली असती. मला कुठे तोंड दाखवायला जागा ठेवली नसती."

भाचीला हसू आलं, ते तिने आवरलं. रेकॉर्ड हातात घेऊन फिरवली. "मी ऐकली नाही ही. घेतली ती तुला दाखवायला."

"मीही नाही ऐकली. माझ्याच आवाजापर्यंत ऐकली." दुकानदाराचं मी तिला सांगितलं, की नव्वद जण उघडणारच नाहीत, उघडली की किंमत पडते.

"म्हणजे लोकांच्या लोभापायी आईचं गुपित राहिलं."

"नव्वद टक्के."

तिने रेकॉर्ड टेबलावर ठेवली. मग माझ्याकडे रोखून पाहत म्हणाली, "टाचणीकाकांची माफी मागितलीस?"

मी चहाचं विचारलं.

"मावशी."

"चहा प्यायले त्यांच्याकडे. बराच वेळ बसले."

"वाटलंच मला. त्यांनाच दोन प्रश्न विचारून आली असशील. चप्पल घाल."

"आत्ता?"

"शहाऐंशी वर्षांचे आहेत ते. तुला पुढच्या महिन्याची वेळ हवीय का?"

मी चप्पल घातली. रेकॉर्डचं काय करायचं ते ठरलं नाही. भाचीने ती कपाटात ताईच्या चार रेकॉर्डींच्या मागे उभी करून ठेवली. मग टेबलावरची किल्ली उचलून तिने बाहेरून कुलूप लावलं आणि किल्ली आपल्या पर्समध्ये टाकली. ती जिना उतरायला लागल्यावर कुलूप एकदा ओढून पाहिलं. नीट लागलं होतं.